आठव्या ओळीनंतर

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि एवढे सांगायलासुद्धा मला आजवर दुसऱ्याचे तोंड लागत आले. आज पहिल्यांदाच स्वतः बोलतो आहे. तेव्हा "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" एवढा भाग गाळतो. तो तुम्ही पुष्कळ ऐकला असेल.

माझी मान पितळेची आहे आणि डोके जाळीचे. डोक्यात चिमूटभर लोहचुंबक आणि त्याच्यापुढे कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा, एवढीच माझी अक्कल. बोलणाऱ्याचा श्वास त्या पडद्यावर आपटतो. त्यामुळे माणूस काय बोलतो ते सगळ्यांना ऐकू जाते, पण बोलताना तो किती घाबरला आहे ते फक्त मला कळते. हे ज्ञान मी आजवर कोणाला सांगितले नाही. विचारलेच नाही कोणी.

मला विकत घेतले हॅलोकाकांनी. त्यांचे खरे नाव मतदार यादीत असेल. गावात मात्र ते हॅलोकाकाच, कारण गेली तीस वर्षे ते कोणालाही भेटले की आधी हॅलो म्हणतात आणि मग आवाज पोचला का हे बघायला थोडे थांबतात. आम्ही दोघांनी लग्ने केली, शोकसभा केल्या, हरवलेली मुले आईबापांना परत मिळवून दिली. एका लग्नात नवरदेवाचा मामा मला हातात धरून पाऊण तास बोलला होता. अधिकारशाही म्हणजे काय, याचा तो माझा पहिला धडा.

पुढे आम्हाला सरकारी सभांचे काम मिळाले. लोक म्हणाले, काकांनी नशीब काढले. त्या दिवसापासून काका मला दोनदा पुसू लागले.

माझ्यासमोर पहिले उभे राहिले ते थोरले साहेब. ते फार हळू बोलत, कारण लोक श्वास रोखून ऐकतात याची त्यांना खात्री होती. वीस वर्षांपूर्वी त्यांनी शाळेच्या पुस्तकांचे ओझे कमी करायचे ठरवले. किती कमी केले, म्हणाल तर चार ओळी. चौथीच्या पुस्तकात एक जुनी कविता होती. कोणी लिहिली ते कोणालाच माहीत नव्हते, म्हणून कवीला पकडता आले नाही. तिच्या बारा ओळी होत्या, त्या आठ झाल्या. उरल्या त्या अशा:

राजा बसला उंचावर,
ढग खाली, डोके वर.
सूर्य पुसे, "येऊ का मी?"
राजा म्हणे, "ये लवकर."
नदी पुसे, "वाहू का मी?"
राजा म्हणे, "वाह वळून."
वारा पुसे, "बोलू का मी?"
राजा म्हणे, "बोल लवून."

बघा, कशी भरदार स्तुती झाली! थोरल्या साहेबांना ती फार आवडे. पुढे एके दिवशी ते गेले, त्यांचे फोटो उतरले, आणि भिंतींवर फोटोच्या आकाराचे स्वच्छ चौकोन तेवढे राहिले. कापलेल्या चार ओळी कापलेल्याच राहिल्या. पुस्तकातून काही काढायला एक सही पुरते. परत घालायचे तर समिती लागते.

मग आले सर्वाधिकारी.

सर्वाधिकाऱ्यांची स्मरणशक्ती प्रसिद्ध होती. तिच्यावर सहावीच्या पुस्तकात एक धडाच होता. ते प्रत्येक भाषणात एकदा तरी म्हणत, "आम्ही काही विसरत नाही." पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवत आणि मागच्या रांगेतले आपण कधी काय बोललो होतो ते आठवू लागत. एका सभेत आमच्या निवेदकाने सांगितले, "आता महोदय खाली येतील." म्हणजे व्यासपीठावरून. दुसऱ्या दिवशी एक गाडी त्याच्या दाराशी आली. पुढे त्याची बायको रोज कचेरीच्या बाहेर बाकावर बसलेली दिसे. एक पाण्याची बाटली आणि त्याचा स्वेटर घेऊन. स्वेटर घ्यायलाही कोणी तयार नव्हते, कारण घेतला तर माणूस आत आहे हे कबूल केल्यासारखे झाले असते.

तर मित्रांनो, अशा दिवसांत सर्वाधिकाऱ्यांनी नवे सभागृह बांधले. त्यात बावीस पायऱ्यांचे उंच आसन केले. आसनाच्या उद्घाटनाची जबाबदारी एका तरुण अधिकाऱ्यावर आली. वय अठ्ठावीस, बूट चकचकीत, आणि सर्वाधिकाऱ्यांच्या मेहुण्यांचा जावई. त्याने विचार केला, उंच आसन आहे, तर उंचावरची कविता हवी. त्याला चौथीतली कविता आठवली. 'राजा बसला उंचावर.' वा! जणू याच दिवसासाठी लिहून ठेवलेली.

त्याची चूक नव्हती हो. तो चौथीत गेला तेव्हा कवितेच्या आठच ओळी होत्या. पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला पुढच्या चार ओळी पाठ होत्या. त्या काळी कविता छड्या खाऊन पाठ करत, त्यामुळे ती डोक्यात न राहता हाडांत मुरत असे. अधिकाऱ्याने बैठकीत कविता वाचून दाखवली तेव्हा मी चाचणीसाठी टेबलावर होतो. सोळा माणसे बसली होती. आठवी ओळ झाली आणि सोळाही माणसांनी एकदम आपापल्या कागदांकडे पाहिले.

"कशी आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

"छान आहे," सोळाजण म्हणाले.

म्हणजे बघा, सांगणार कसे? "साहेब, पुढे अजून चार ओळी आहेत," असे म्हणायचे, तर "कोणत्या?" असा प्रश्न येणार. त्या म्हणून दाखवायच्या. मग तुम्हाला त्या महोदयांवर आहेत असे का वाटले, हा पुढचा प्रश्न. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे एक वेळ सोपे. इथे आधी मांजर आहे हेच कबूल करायचे होते.

कविता म्हणायला एक निवृत्त शिक्षिका निवडली गेली. तिला आदर्श शिक्षिकेचे पदक मिळाले होते आणि तिचा आवाज खणखणीत होता. निमंत्रणपत्रावर 'उपस्थिती अनिवार्य' असा शिक्का होता. ती हॅलोकाकांची थोरली बहीण निघाली.

ताई काकांहून बारा वर्षांनी मोठी. अडतीस वर्षे चौथीला शिकवले. स्वतःच्या भावालाही चौथीत तिनेच शिकवले आणि इतरांपेक्षा दोन छड्या जास्त दिल्या, पक्षपात दिसू नये म्हणून. पुस्तकातून चार ओळी गेल्यावरही ती आठ ओळी झाल्या की म्हणे, "पुस्तकं मिटा. आता पुढचं ऐका." हे तिच्या वर्गाबाहेर कसे गेले नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. मुले मोठ्या माणसांपेक्षा भरवशाची असतात, एवढेच.

सोहळ्याच्या आदल्या दुपारी आम्ही रिकाम्या सभागृहात चाचणीला गेलो. ताई पहिल्याच पायरीवर टेकली. बैठकीतल्या त्या सोळाजणांपैकी हेडक्लार्क तिथे आले. त्यांची निवृत्ती पाच महिन्यांवर आली होती, आणि ते पाच महिने त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. त्यांनी काकांना बाजूला घेतले. मी काकांच्या हातात होतो.

"काका, तुमच्या यंत्राला बटण असतं ना?"

"असतं की. लाल आहे."

"आठवी ओळ झाली की ते बंद झालं पाहिजे. बाई थांबोत न थांबोत."

"कशाबद्दल साहेब?"

"कशाबद्दल ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तोंडानं कशाला म्हणायचं? निवेदकाची बायको बसते ना बाहेर, त्या बाकावर अजून जागा आहे. बघून घ्या."

ते गेले. काका ताईशेजारी येऊन बसले. मी त्यांच्या हातातच होतो.

"ताई, उद्या आठच ओळी."

"मी अर्ध्या कवितेला कधी मार्क दिले नाहीत, धाकट्या."

"हे मार्क नाहीत गं! तुला उचलून नेतील. मलाही नेतील. मग तुला डबा कोण आणणार?"

"आणि बोलावलंय कशाला मग? एवढे लोक आहेत, एकालाही सांगता आलं नाही त्या पोराला?"

"तू सांग की."

ताईने दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाली, "चौथीत तुझंच मेलं शेवटच्या ओळीत चुकायचं. 'मुंगी बसली गादीवरी' म्हणायच्या ऐवजी 'राजा बसला गादीवरी' म्हणायचास. कितीदा कान पिळला तुझा."

"मी शहाणा होतो, आता कळतंय," काका म्हणाले. "ताई, माझी शपथ घे."

"शपथ बिपथ काही नाही. आठ म्हणजे आठ. झालं समाधान?"

पण तिचा श्वास माझ्या जाळीवर येत होता. मला काही समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात दोन हजार माणसे होती. मला एकविसाव्या पायरीवर स्टँडला लावले होते, कारण बाविसाव्या पायरीवर आसन होते आणि आसनाच्या उंचीला दुसरे काही चालत नव्हते. माझी वायर एकवीस पायऱ्या उतरून खाली काकांच्या पेटीपर्यंत गेली होती. काकांचा अंगठा लाल बटणावर होता. त्यांच्यामागे हेडक्लार्क उभे. तरुण अधिकारी पहिल्या रांगेत हसतमुख बसला होता. त्या सभागृहात खरोखर आनंदी असा तो एकटाच माणूस.

ताई पायऱ्या चढू लागली. गुडघे दुखत होते. दर पायरीला थांबून श्वास घेई, आणि दर वेळी दोन हजार माणसेही तो घेत. वर आली. आसनावरच्या सर्वाधिकाऱ्यांना तिने नमस्कार केला. ते तिच्याकडे न बघता हसले.

ताईने सुरुवात केली. तिचा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. माझी तशी गरजच नव्हती. सूर्याने विचारले, राजाने परवानगी दिली. नदीने विचारले. सर्वाधिकाऱ्यांची मान ठेक्यावर हलू लागली. वाऱ्याने विचारले.

"राजा म्हणे, बोल लवून."

आठवी ओळ संपली. ताईने श्वास घेतला. नववी ओळ म्हणताना घ्यावा लागतो तसा, पोटातून. तो माझ्या पडद्याला लागला आणि माझे लोहचुंबक गार पडले. मग तिने खाली, पेटीपाशी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिले, तोच श्वास हळूहळू सोडून दिला आणि ओठ मिटले.

त्याच क्षणी काकांनी बटण दाबले. मी बंद झालो.

झाले, मित्रांनो. सगळे वाचले होते. हेडक्लार्कांनी घाम पुसला. ताई उतरायला वळली. तेवढ्यात सर्वाधिकारी पुढे झुकले आणि मला टिचकी मारली.

ठक. काही नाही. पुन्हा मारली. सर्वाधिकाऱ्यांपुढे माइक बंद! याहून मोठा गुन्हा आमच्या धंद्यात नाही. हेडक्लार्क काकांच्या कानात ओरडले, "चालू करा! अहो, चालू करा!" काकांचा अंगठा पुन्हा बटणावर गेला.

"बाई," सर्वाधिकारी माझ्यातून म्हणाले, आणि चारही भिंती 'बाई' म्हणाल्या. "तुम्ही पुढचं विसरलात."

ताई पुन्हा वळून उभी राहिली.

"आम्हाला ही चौथीला होती. पन्नास वर्षं झाली. पण आम्ही काही विसरत नाही." टाळ्या झाल्या. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा बंद कर म्हणायची आता सोय नव्हती.

सर्वाधिकारी उठून उभे राहिले. कविता म्हणायची तर उभे राहूनच, ही सवय जन्मभर जात नाही. त्यांनी हाताची घडी घातली. नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि चौथीतल्या ठेक्यात, मान डोलवत सुरू केले:

"मुंगी आली भिंतीवरून,
आहे का हो कोणी घरी?
राजा..."

आणि थांबले.

मी इतक्या माणसांचे श्वास झेलले आहेत. पण तसा श्वास कधी आला नव्हता. आधी तो आलाच नाही. मग अगदी छोटा आला, पायरी हुकल्यावर येतो तसा. पुढची ओळ त्यांना आठवत होती. चांगलीच आठवत होती. "राजा नव्हता, गादी होती, मुंगी बसली गादीवरी." म्हटली तर ती त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच गादीसमोर, दोन हजार लोकांना ऐकू जाणार. नाही म्हटली तर काही न विसरणारे सर्वाधिकारी चौथीची कविता विसरले. मागे आसन होते, पुढे मी होतो. त्यांनी हाताची घडी सोडली नाही. सुटली नसावी.

खाली कोणी हलत नव्हते. पण मला एक आवाज आला. पहिल्या रांगेतल्या सेनापतींपासून दाराशी उभ्या शिपायापर्यंत तिशी ओलांडलेल्यांचे ओठ हलत होते. आवाज न काढता सगळे एकच ओळ म्हणत होते. ठेकासुद्धा चुकत नव्हता. तो आवाज पेटीत गेला नाही, भिंतींवरून आला नाही. मला मात्र आला, आणि त्यांनाही आला असावा.

"पुढे?" सर्वाधिकारी ताईकडे वळले. कुजबुजले. पण माझ्यासमोर कुजबुजून उपयोग नसतो.

काका खालून वर बघत होते. बटण त्यांच्या अंगठ्याखाली होते आणि ते दाबायची हिंमत आता कोणाच्याच अंगठ्यात नव्हती. ताईने सांगितली तर गेली, नाही सांगितली तर गेली.

ताईने सर्वाधिकाऱ्यांकडे पाहिले. हाताची घडी, भिंतीवरची नजर, अर्धवट उघडे तोंड. असे चेहरे तिने अडतीस वर्षे पाहिले होते. पुढे जे झाले ते तिने ठरवून केले नाही, असे ती आजही सांगते.

"आठवत नाही ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "असू दे. बसा खाली. उद्या पाठ करून या."

आणि सर्वाधिकारी खाली बसले.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, हसणाऱ्यांना धरता आले असते.

चौकशी झाली. एका खोलीत तीन माणसे बसली आणि मी टेबलावर. दोष कोणाला द्यावा, हा पेच होता. सर्वाधिकाऱ्यांना देता येत नव्हता. ताईने मंजूर कागदावरच्या आठच ओळी म्हटल्या होत्या. कागदावर सही तरुण अधिकाऱ्याची होती, आणि तो मेहुण्यांचा जावई होता. "बसा खाली" हे शब्द तेवढे उरत होते. पण ते लिहायचे, तर पुढे 'आणि महोदय बसले' असेही लिहावे लागले असते. शेवटी तिघांनी माझ्याकडे पाहिले.

हेडक्लार्कांनी काकांपुढे कागद सरकवला. 'सदर माइक सदोष असल्याने सभागृहात न उच्चारलेले शब्द ऐकू आले.'

"हे खोटं आहे साहेब. माझा माइक चांगला आहे."

"माहीत आहे."

"आणि ताईचं काय?"

"बाईंचं नाव यात कुठं आहे का? नाही ना? सही करा, म्हणजे नसेल."

काकांनी माझ्याकडे पाहिले. तीस वर्षे मला पुसणारा माणूस. मग त्यांनी सही केली. मला राग आला नाही, मित्रांनो. कितीतरी लोकांचे खोटे मी मोठे करून सांगितले होते. हे एकच खोटे चांगल्या कामाला आले.

मला नष्ट करायचा हुकूम होता. काकांनी दुसराच एक फुटका माइक हातोडीने फोडून दाखवला आणि मला डब्याच्या पिशवीत घालून ताईकडे नेले. तिने मला पुस्तकांच्या फळीवर ठेवले. "माझ्या वाटचा मार खाल्लाय त्यानं," ती म्हणाली.

दीड वर्षाने एका सकाळी रेडिओवर बातम्यांऐवजी नुसतीच सतार वाजू लागली. दुपारी हेडक्लार्क ताईच्या घरी आले. एव्हाना ते निवृत्त होऊन पुन्हा कामावर लागले होते. काकाही होते.

"सकाळी मलाच बंगल्यावर पाठवलं बघायला," ते म्हणाले. "दार वाजवलं. महोदय, आहात का, म्हटलं. तीनदा विचारलं. मग ढकललं. कोणी नाही. कपाटं उघडी. मग सभागृहात, बावीस पायऱ्या चढून वर गेलो. आसन होतं."

काकांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"बसलात?" ताईने विचारले.

हेडक्लार्कांनी चहाच्या कपात बघितले. "दोनच मिनिटं. गुडघे दुखतात हो."

निवेदक पुढच्या महिन्यात घरी आला. त्याला तो स्वेटर दोन मापे मोठा होतो. बावीस पायऱ्यांच्या फळ्या काढून शाळेला बाके केली, आणि चार ओळी पुस्तकात परत आल्या. समिती नेमून. समितीचे अध्यक्ष तोच तरुण अधिकारी. नव्या साहेबांनी स्वतः लक्ष घातले. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे. जुन्या साहेबांची कशी जिरवली आहे बघा, असे म्हणत ते ती कविता पाहुण्यांना वाचून दाखवतात आणि पोट धरून हसतात. ते नेहमी उभे राहून वाचतात. हाताची घडी घालून.

मित्रांनो, माझी आता फार अपेक्षा नाही. माझे नवे भाईबंद तुमच्या शाळेत असतील, त्यांना टिचक्या मारू नका, फुंकर मारू नका. पडदा पातळ असतो. आणि कविता पाठ कराल तेव्हा ती शेवटपर्यंत करा. अर्धी कविता कोणाच्याही स्तुतीला चालते. जमले तर तुमच्या बाईंची तब्येत विचारत जा. मोठ्या माणसांना "बसा खाली" म्हणू शकणारे लोक फार थोडे उरलेत, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

माझी जाळी आता गंजली आहे. परवा फळीवरून एक मुंगी आली, जाळीच्या भोकाशी थांबली आणि आत डोकावली. पूर्वीचा मी असतो तर तिचे पाऊल सभागृहभर वाजले असते. आता काही वाजले नाही. ती आत आली आणि सरळ लोहचुंबकावर जाऊन बसली. मी सरकून जागा दिली.